एकदाच खेळण्याचे गेम : पुन्हा खेळताना केलेल्या नोंदी

ज्या व्हिडिओ गेमनी मनापासून आनंद दिला, पण संपल्यानंतर ज्यांच्याकडे पुन्हा वळण्याची इच्छा झाली नाही, अशा गेमची एक वेगळी यादी मी ठेवत आलो आहे. त्यातील काही गेम या टप्प्यात मुद्दाम पुन्हा खेळून पाहिले. पद्धत साधी ठेवली : गेम सुरू करण्यापूर्वी त्यातले जे जे आठवते ते वहीत लिहून काढायचे, नवा सेव्ह (गेममधील प्रगतीची साठवलेली नोंद) सुरू करायचा आणि कुठे पहिल्यासारखीच मजा येते, कुठे केवळ बटणे दाबली जात आहेत, हे टिपायचे. शेवट उघड होणार नाहीत याची काळजी घेतली आहे; मात्र रचना सांगितल्याशिवाय मुद्दा मांडता येत नाही, तेव्हा ‘आउटर वाइल्ड्स’ आणि ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ ज्यांच्या बॅकलॉगमध्ये, म्हणजे खेळायच्या राहिलेल्या गेमच्या यादीत, पडून आहेत त्यांनी हे वाचन तूर्त लांबणीवर टाकलेले बरे.

सुरुवात ‘आउटर वाइल्ड्स’ने (2019) केली, कारण माझ्या यादीत सर्वांत वर तोच आहे आणि पुन्हा खेळण्यास सर्वांत कुचकामीही तोच. एका छोट्या सूर्यमालेत 22 मिनिटांचे चक्र फिरत राहते. चक्र संपले की खेळाडू आपल्या ग्रहावर पुन्हा डोळे उघडतो आणि त्याच्याजवळ उरते ती केवळ आधीच्या फेऱ्यांत मिळालेली माहिती. नवे शस्त्र नाही, वाढलेली ताकद नाही, चावी नाही. यानातील नोंदपटावर जोडले जाणारे धागे हीच सगळी कमाई. गेममधील कुलपे खेळाडूच्या अज्ञानाची असल्यामुळे ज्याला अखेरची वाट ठाऊक आहे तो एकाच चक्रात शेवट गाठू शकतो. माझ्या वहीत ती वाट आधीच लिहिलेली होती आणि गेमने ती जशीच्या तशी खरी ठरवली. पहिल्या वेळी एखाद्या भिंतीवरचा मजकूर वाचून उठून बसावेसे वाटले होते. या वेळी तोच मजकूर मी शेवटपर्यंत वाचलाही नाही.

तरीही सगळेच वाया गेले असे म्हणता येणार नाही. यान हाकण्यातील कसब, गुरुत्वाकर्षणाचा अंदाज घेत हळूच उतरणे, जुळ्या ग्रहांपैकी एकावरची वाळू दुसऱ्यावर ओतली जाताना पाहणे, दूरच्या प्रवाशांची वाद्ये सिग्नल पकडून ऐकणे : यांतले काहीही उत्तर माहीत झाल्याने संपत नाही. ग्रह खरोखरच आपापल्या कक्षेत फिरत असतात, त्यामुळे प्रत्येक उड्डाणात हाताला काहीतरी काम राहतेच. पण हा आनंद मला काही चक्रे पुरला. नंतर ‘आता कुठे जायचे?’ हा प्रश्नच उरला नाही, आणि हा गेम त्या प्रश्नावरच उभा आहे. 2021 मध्ये आलेल्या ‘एकोज ऑफ द आय’ या डीएलसीने (मूळ गेमला नंतर जोडलेल्या भागाने) हेच उलट बाजूने दाखवून दिले : सूर्यमाला तीच, यान तेच, चक्रही तेच, परंतु एक नवे न उलगडलेले ठिकाण मिळताच जुन्या खेळाडूंची पावले तितक्याच ओढीने परत वळली.

या जातीचा मूळपुरुष म्हणून ‘मिस्ट’कडे (1993) बोट दाखवता येईल. त्याचे बेट पालथे घालण्यात पहिल्यांदा कितीतरी वेळ जातो, आणि उत्तर माहीत असणारा खेळाडू तो काही मिनिटांत संपवू शकतो, कारण निर्णायक गोष्ट पहिल्या क्षणापासून बेटावरच असते. त्यावर याहून अधिक लिहिण्यासारखे मला काही सापडले नाही.

‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ने (2018) मात्र अंदाज चुकवला. लुकस पोप यांच्या या गेममध्ये विमा-तपासनीस बनून एका जहाजावरील 60 जणांचे काय झाले हे ठरवायचे असते : प्रत्येकाचे नाव, त्याची गत, आणि मृत्यू असेल तर त्याला कारण कोण. उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे गेम तीन-तीनच्या गटानेच सांगतो, त्यामुळे एखादे नाव अंदाजाने टाकून पाहण्याची सोय जवळजवळ राहत नाही. हा गेम पुन्हा खेळण्यात अर्थ नाही अशी माझी पक्की समजूत होती. प्रत्यक्षात वहीत लिहिताना लक्षात आले की दृश्ये लख्ख आठवत होती. कोण कशाने मेला, कोणत्या क्षणी अंगावर काटा आला, हे सगळे. पण नावे पुसली गेली होती, आणि अमुक एक माणूस तमुकच कशावरून, हा तर्काचा धागा तर साफ हरवला होता. मग झुल्यांचे क्रमांक, गणवेश, बोलण्यातील लकब, कोण कोणाच्या शेजारी उभे राहतो, हे पुन्हा नव्याने जुळवावे लागले आणि त्यात खरी मजा आली.

माणूस विसरतो तेव्हा सर्व काही सारख्या वेगाने विसरत नाही, आणि एखादा गेम पुन्हा खेळण्याजोगा होईल की नाही हे पुष्कळदा यावरच ठरते. ‘आउटर वाइल्ड्स’चे मर्म चार-दोन मोठ्या कल्पनांत आहे, त्या एकदा समजल्या की विसरणे अशक्य. ‘ओब्रा डिन’चे मर्म लहान लहान साठ निष्कर्षांत विखुरलेले आहे, आणि तशी गोष्ट स्मृतीतून लवकर गळते. मध्ये पुरेसा काळ जाऊ द्यावा लागतो, ही अट आहेच. सॅम बार्लो यांचा ‘हर स्टोरी’ (2015) मला या दोहोंच्या मध्ये बसतो असे वाटते. तिथे पोलिसांच्या जुन्या चित्रफिती शब्द टाकून शोधायच्या असतात आणि कितीही फिती जुळल्या तरी पहिल्या पाचच पाहता येतात. कोणते शब्द टाकायचे हे आठवत असेल तर सगळी गोष्ट झटकन हाती येते. पण एकेका फितीतील हावभाव, थबकणे, नजर चुकवणे हे उत्तर माहीत असताना पाहणे वेगळेच वाटते. दुसऱ्या वेळी मी कोडे सोडवत नव्हतो, अभिनय पाहत होतो. तेवढ्यासाठी एक संध्याकाळ देणे परवडते.

‘पोर्टल’बद्दल (2007) वाद होईल याची कल्पना आहे. त्यातील 19 चाचणी-कक्षांची उत्तरे ठरलेली आहेत, त्यामुळे तो सोडवून ठेवलेल्या शब्दकोड्यासारखा असायला हवा. तसे होत नाही. उत्तर माहीत असूनही ते हातांनी करून दाखवावे लागते : उंचावरून खालच्या पोर्टलमध्ये (एकातून शिरून दुसऱ्यातून बाहेर पडायच्या जोड-दारांपैकी एकात) झेप घ्यायची आणि तोच वेग घेऊन भिंतीतून बाहेर फेकले जायचे, यातील शरीराला जाणवणारी गंमत ज्ञानाने कमी होत नाही. कर्त्यांनाही हे ठाऊक असावे, कारण मूळ कथा संपल्यावर काही कक्षांच्या अवघड आवृत्त्या आणि कमीत कमी पोर्टल, पावले किंवा वेळ वापरण्याची आव्हाने त्यांनी त्यातच दिली आहेत. विनोद मात्र पहिल्याच फेरीत खर्च होतात. चाचण्या घेणाऱ्या यंत्राच्या थंड आवाजातील धमक्यांवर मी या वेळी हसलो ते आठवणीने हसलो.

‘पोर्टल 2’मधील (2011) दोन रोबोंचा को-ऑप (दोघांनी मिळून खेळायचा) भाग याहून अवघड स्थितीत सापडतो. जोडीदार नवखा असेल तर जाणत्याने तोंड मिटून उभे राहायचे असते, आणि हे वाटते तितके सोपे नाही. इशारा करण्याचे बटण हाताशीच असल्यामुळे बोट आपोआप तिकडे जाते. दोघेही नवखे असणे ही संधी एका जोडीला एकदाच मिळते.

जोनाथन ब्लो यांच्या ‘द विटनेस’ने (2016) या प्रश्नाला स्वतःपुरते चलाख उत्तर दिले आहे. बेटावरील शेकडो रेषांची कोडी एकदा नियम कळले की निष्प्राण होतात, आणि नियम शिकणे हाच तर सगळा खेळ असतो. पण गुहेत दडलेल्या एका आव्हानात कोडी दर वेळी नव्याने तयार होतात आणि संगीत संपण्याच्या आत ती सोडवावी लागतात. तिथे ज्ञान जुने, प्रश्न नवा. संपूर्ण गेम मी पुन्हा खेळणार नाही. त्या आव्हानासाठी सेव्ह राखून ठेवला आहे.

सर्वांत जास्त निराशा ‘द वॉकिंग डेड’च्या पहिल्या हंगामाने (2012) केली. हा गेम निवडींचा म्हणून प्रसिद्ध आहे, आणि म्हणूनच तो वेगळ्या निवडी करून पुन्हा खेळावा असे वाटते. तसे खेळले की पडद्यामागच्या दोऱ्या दिसू लागतात. पहिल्याच भागात दोघांपैकी एकाला वाचवण्याचा निर्णय घ्यावा लागतो. मी या वेळी दुसऱ्याला वाचवले आणि काही भागांनंतर कथा जवळजवळ त्याच वळणावर आली. समोरचे पात्र ही गोष्ट लक्षात ठेवील, ही पडद्यावरची सूचना पहिल्यांदा छातीत धडकी भरवत होती. आता ती पोकळ वाटली. पहिल्या फेरीतील ओझे खोटे होते असे मी म्हणणार नाही, कारण निर्णय घेतेवेळी परिणाम अज्ञात होता आणि ते ओझे अज्ञाताचेच होते. पण ज्यांनी हा गेम एकदा मनापासून खेळला आहे त्यांनी तो पुन्हा उघडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. इथे दुसरी फेरी पहिलीतूनही काहीतरी काढून घेते. यादीतील इतर कुठल्याही गेमने असे केले नाही.

‘व्हॉट रिमेन्स ऑफ ईडिथ फिंच’ (2017) जेमतेम दोन-अडीच तासांचा आहे. एका कुटुंबातील माणसांच्या मृत्यूच्या कथा एकामागून एक येतात आणि प्रत्येक कथेत नियंत्रणाची पद्धत बदलते. मासळीच्या कारखान्यातील प्रसंगी एका हाताने मासे कापत राहायचे आणि दुसऱ्या हाताने पात्राच्या कल्पनेतील राज्यात फिरायचे असते. हळूहळू ती कल्पना पडदा व्यापते, तरी पहिला हात थांबवता येत नाही. शेवट ठाऊक असूनही हा प्रसंग तितकाच भिनला, कारण तो समजून घ्यायचा नसून करायचा आहे. बाकीचे घर फिरताना मात्र पाय ओढत चालल्यासारखे झाले.

अशा लहान गेमची एक व्यावहारिक अडचणही आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळले असेल तर पैसे परत मागता येतात. ज्या गेमची लांबीच तेवढी आणि ज्याला दुसऱ्यांदा उघडण्याचे कारण नाही, त्याच्या कर्त्यांसाठी हा नियम गैरसोयीचा ठरू शकतो. पूर्ण खेळून, आनंद घेऊन मग पैसे परत मागणे मला पटत नाही. परंतु ‘रीप्ले व्हॅल्यू (पुन्हा खेळण्याचे मोल) नाही’ हे वाक्य तक्रार म्हणून लिहिणारे पाहिले की हा हिशेब कसा रुजतो ते कळते. रीप्ले व्हॅल्यूचा हा निकष ‘रोग’च्या (1980) वंशातील गेमसाठी योग्य आहे, जिथे दर वेळी नकाशा नव्याने घडतो, ‘स्पेलंकी’ किंवा ‘स्ले द स्पायर’ त्यावर खुशाल मोजावेत. ‘निअर: ऑटोमॅटा’ने (2017) तर दुसरी फेरी कथेचाच भाग केली : श्रेयनामावली झळकल्यानंतर तेच प्रसंग दुसऱ्या पात्राच्या बाजूने खेळायचे असतात. त्यातील पुनरावृत्ती मला थोडी लांबलेली वाटली, पण ती हेतुपूर्वक आहे यात शंका नाही.

या टप्प्यात एक पर्याय नव्याने रूढ केला : स्वतः पुन्हा खेळण्याऐवजी दुसऱ्या कोणाला पहिल्यांदा खेळताना पाहणे. ‘आउटर वाइल्ड्स’साठी हा उपाय सर्वांत चांगला चालला. नवखा खेळाडू उत्तराच्या दारावरून तीनदा पुढे निघून जातो तेव्हा जीव वरखाली होतो, आणि त्याने काढलेला चुकीचा पण सुसंगत तर्क कधी कधी खऱ्या उत्तराहून देखणा असतो. नियम एकच ठेवला आहे : त्याने स्वतः विचारल्याशिवाय बोलायचे नाही, आणि विचारलेच तर उत्तर न देता नोंदपटावरील एखाद्या अपुऱ्या धाग्याकडे लक्ष वेधायचे.

सद्यःस्थिती अशी की ‘मिस्ट’, ‘द वॉकिंग डेड’ आणि ‘ईडिथ फिंच’ डिस्कवरून काढून टाकले आहेत. ‘ओब्रा डिन’ वहीतील पानांसह बाजूला ठेवला आहे. नावे पुन्हा विसरली की उघडेन. पुढच्या टप्प्यासाठी ‘द केस ऑफ द गोल्डन आयडॉल’ (2022) निवडला आहे. त्यातही मृत्यूचे देखावे आणि रिकाम्या जागी भरायचे शब्द आहेत, म्हणजे उत्तरे लहान आणि विखुरलेली. विसरण्याविषयीचा माझा अंदाज तिथे टिकतो का ते पाहायचे आहे. आठवणींचे पान लिहून झाले आहे आणि ते अर्ध्याहून अधिक कोरे आहे.