भरड बदलली, साखर सुटली: चार बॅचची नोंद

घरी एकच बिटर (इंग्लिश धाटणीची बिअर) चौथ्यांदा केली. पाककृती मुद्दाम तीच ठेवली: ५ किलो मॅरिस ऑटर (बार्लीच्या एका जातीचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे), ६६ अंशांवर तासभर मॅश (भरड गरम पाण्यात मुरवून स्टार्चची साखर करणं), दोन हप्त्यांत बॅच स्पार्ज (पहिला रस काढून, पुन्हा पाणी ओतून उरलेली साखर धुणं), उकळण्याआधी पातेल्यात २८ लिटर वर्ट (हा गोड रस). हिशेब सोपा पडतो. वर्टचे लिटर गुणिले घनतेचे पॉइंट (१.०३५ म्हणजे ३५) म्हणजे लिटर-डिग्री. किलोमागे ३०० लिटर-डिग्री धरले की कमाल १५००.

पहिल्या बॅचची घनता १.०३५. म्हणजे ३५ गुणिले २८, ९८०. कमाल १५०० च्या जेमतेम ६५ टक्के. (नमुना २० अंशांपर्यंत गार करूनच हायड्रोमीटर (घनता मोजणारी नळी) बुडवा. ६० अंशांवर तो १५-१६ पॉइंट कमी दाखवतो आणि माणूस उगाच हबकतो.)

माझा संशय स्पार्जवर होता, आणखी पाणी ओतायच्या बेतात होतो. त्याआधी पांढऱ्या बशीत वरचं निवळ वर्ट घेऊन आयोडिनचा थेंब टाकला. काळानिळा! स्टार्चची साखरच पुरती झाली नव्हती. मग धुऊन निघणार काय? चोथा चाचपला तर अख्खे दाणे हाताला लागले. माल्ट दुकानातून भरडून आणला होता.

दुसऱ्या बॅचला स्वतःची दोन रोलरची चक्की, फट १ मिमी, फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पट्ट्यांनी) मोजलेली. हवी ती भरड: आतला गर कणी-रव्यासारखा, पीठ कमी आणि टरफल शक्यतो अखंड, कारण पुढे तेच गाळणीचं काम करतं. आयोडिन तांबूस-पिवळाच राहिला. १.०३९, ७३ टक्के. चारही बॅचमधली सगळ्यात मोठी उडी हीच.

मग लोभ सुटला. तिसऱ्या बॅचला फट ०.८ वर आणली. तोटी उघडली, अर्धा लिटर आलं आणि नंतर नुसती ठिबक. ढवळा, थांबा, पहिलं गढूळ वर्ट परत वर ओता, पुन्हा ढवळा. १.०४० मिळालं. एका पॉइंटसाठी दीड तास आणि ओला मोजा.

यावर उपाय घरातलाच निघाला. आई तूर भरडण्याआधी तिला पाण्याचा हात लावून ठेवायची. तिथे साल सुटावं म्हणून, इथे ते फाटू नये म्हणून. चौथ्या बॅचच्या ५ किलोला १०० मिली पाणी फवारलं, हाताने खालीवर केलं, पंधरा मिनिटं झाकून ठेवलं. टरफल चामड्यासारखं चिवट झालं. फट ०.९ ठेवली, टरफलं जवळजवळ अखंड निघाली, तोटीने कुरकुर केली नाही.

त्याच बॅचला पाण्याकडेही पाहिलं. आमच्या दक्षिण इंग्लंडात पाणी चुनखडीचं. किटलीत पांढरा थर साचतो, मॅशचा पीएच ५.८ येत होता. ८० टक्के लॅक्टिक ॲसिड ६ मिली घातल्यावर ५.५ झाला. शिवाय आधी १३ लिटर पाणी मॅशला आणि २० स्पार्जला असायचं, ते १९ आणि १४ केलं. दाणे ५ लिटर पितात, त्यामुळे दोन्ही हप्ते १४-१४ लिटरचे निघतात.

१.०४२. ७८ टक्के.

मात्र एका दमात तीन गोष्टी बदलल्या, हा गाढवपणा कबूल. श्रेय कोणाला द्यायचं? पाण्याच्या वाटणीने फार तर टक्का-दोन टक्के दिले असावेत. पुढच्या बॅचला फक्त ॲसिड काढणार, बाकी काही हलवणार नाही. ऐंशीच्या वर जायची मात्र हौस नाही. जास्त धुतलं की टरफलांचा तुरटपणा उतरतो, आणि दोन-तीनशे ग्रॅम माल्ट काही महाग नाही.