फ्लो बेंच अपडेट: भोक बारीक केलं आणि हवा वाढली!

मंडळी, फ्लो बेंच म्हणजे इंजिनच्या हेडमधनं किती हवा जाते ते मोजायचं यंत्र, माझं व्हॅक्यूम क्लीनरवर चालतं. त्यावर तेच मागचं स्प्लेंडरचं हेड (सिलेंडरवरचा भाग, त्यात वॉल्व्ह आणि हवा आत जायची वाट म्हणजे पोर्ट असतो), ९७.२ सीसीवालं, पोर्ट मी घासलेलं. ३ मिमी लिफ्टपर्यंत (वॉल्व्ह किती उघडला ते) स्टॉकपेक्षा, म्हणजे न घासलेल्या हेडपेक्षा भारी, ४ ला बरं, आणि ५ ला गेलं की मॅनोमीटरचं (दाब दाखवणारी पाण्याची नळी) पाणी वर चढायचं सोडून खाली यायचं आणि पोर्टमधनं घरघर चालू. तीन आठवडे ह्यातच गेले.

आधी लीक शोधलं, सगळीकडं ग्रीस थापलं. कुपवाडच्या लेथवाल्या मामांकडनं हेड बेंचवर बसवायचा ५० मिमी बोअरचा नायलॉन ॲडॉप्टर परत करून घेतला (काम एक नंबर, फक्त मामांचं 'उद्या ये' म्हणजे पुढचा गुरुवार). मग व्होल्टेजवर संशय, कारण संध्याकाळी आमचा व्हॅक्यूम क्लीनर दमतो, पण मी दर वेळी डिप्रेशन (क्लीनरच्या ओढीनं कमी झालेला दाब) २५ सेमी पाण्यावर आणूनच रीडिंग घेतो, त्यामुळं तेही नाही.

शेवटी तारेच्या टोकाला शिवणाचा दोरा बांधून आत घातला. वरच्या बाजूला दोरा ताठ, शॉर्ट साईडला (पोर्टच्या वळणाची आतली बाजू) नुसता थयथयाट. म्हणजे हवा वळतच नाहीये, फ्लोअर (पोर्टचा तळ) सोडून सरळ सुटतीये. आणि वळणाची वाट लावली कुणी, तर मीच! पहिल्या दिवशी ग्राइंडर हातात आल्यावर भोक मोठं तर हवा जास्त म्हणून फ्लोअर खाली घेतला, त्यात शॉर्ट साईडचा गोलवा जाऊन धार झाली. कमी लिफ्टला सगळा खेळ सीटचा (वॉल्व्ह टेकतो ती कडा), म्हणून तेव्हा कळलं नाही. लिफ्ट वॉल्व्हच्या व्यासाच्या पाव भागाकडं गेली की पोर्टचं पितळ उघडं पडतं.

मग पुतणीची खेळायची क्ले ढापली, फ्लोअरवर दीडेक मिमी थर दिला, बोटानं गोल केला. ५ मिमीला ओरिफिसचं (बेंचमधलं हवा मोजायचं भोक) रीडिंग १२.१ वरनं १४.४ सेमी!! दोस्ताला फोन लावून १९ टक्के म्हणून सांगितलं पण, मग आठवलं की फ्लो दाबाच्या वर्गमूळात जातो, म्हणजे खरे ९. तरी ९ की लेको. दुसऱ्या रनला क्ले सुटून क्लीनरमध्ये गेली, त्यावर आई काय बोलली ते इथं लिहीत नाही.

बरचं (ग्राइंडरला लावायचं दातेरी टोक) सांगतो, ॲल्युमिनियमला मोठ्या दातांचाच घ्या. मला दुकानदारानं 'सगळ्याला चालतो' म्हणून बारीक दातांचा गळ्यात मारला, दोन मिनिटांत गच्च भरतो, रॉकेल लावलं तरी. आणि इनटेकला आरसा पॉलिश करत बसू नका, ८० चा सँडपेपर बास.

आता क्लेच्या जागी इपॉक्सी भरून हेच हेड गाडीवर चढवणार होतो, पण लिहिता लिहिता वाटतंय नको, तुकडा सुटला तर थेट सिलेंडरमध्ये. त्यापेक्षा हे बेंचवरच ठेवतो, ह्याचा साचा काढतो आणि दुसऱ्या हेडचा फ्लोअर अजिबात न शिवता फक्त गाईडजवळ (वॉल्व्हची दांडी सरकते ती नळी) आणि बाउलमध्ये (सीटच्या लगतचा खोलगट भाग) हात फिरवतो. ते गाडीवर चढवून मग दंडोबाच्या डोंगराचा चढ. कुणाकडं जुनं हेड पडून असेल तर सांगा, सीट खराब असली तरी चालंल, मिरज-माधवनगर कुठंही येऊन घेऊन जातो.