केसरबाईंचे शेजारी

नवं संगीत मला गाणाऱ्या-वाजवणाऱ्या माणसाच्या हातून मिळालं की टिकतं. फोन जे सुचवतो ते मी आधी ऐकलेल्याचंच भावंड असतं. दोन दिवस बरं वाटतं आणि विसरायला होतं. मी पेटी वाजवते, शिकवते, फोंड्याजवळ राहते. आमच्या या देवळांच्या मुलखात उत्सवाच्या बैठकीला आलेल्या गवयालाच समितीची माणसं चहाच्या वेळी विचारतात, "बुवा, पुढच्या वर्षी कुणाला बोलवू या?" बुवा जे नाव सांगतात ते बहुधा आम्ही ऐकलेलं नसतं. पुढच्या वर्षी तो माणूस येतो, मांडी घालून बसतो, षड्ज लावतो आणि बुवांनी हेच नाव का घेतलं ते कळतं. एका कलावंताने दुसऱ्यासाठी भरलेली ही हमी मला कुठल्याही परीक्षणापेक्षा मोठी वाटते. म्हणून संगीतकारांनी निवडलेली संकलनं मी हुडकून हुडकून ऐकते.

त्यातलं एक आपल्या सगळ्यांच्या माहितीतलं आहे, पण ते संकलन म्हणून फारसं कुणी ऐकत नाही. केरी गाव आमच्याच तालुक्यातलं. थोर गायिका केसरबाई केरकरांचा जन्म तिथला, 1892 सालचा. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तांब्याची तबकडी अवकाशात गेली तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, हे गोव्यातलं शाळकरी पोरही सांगेल. गाण्याच्या कार्यक्रमात निवेदक हे सांगतोच सांगतो. 5 सप्टेंबरला दुसरं यान सुटलं आणि 16 सप्टेंबरला केसरबाई गेल्या, हेही कुणी कुणी सांगतं. पण त्या तबकडीवर केसरबाईंच्या अलीकडे कोण बसलंय आणि पलीकडे कोण, ते कुणी सांगत नाही. मला खजिना सापडला तो तिथे.

तबकडीवर 27 रचना आहेत, साधारण दीड तासाचं संगीत. तबकडीच्या निवड समितीचे प्रमुख खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, पण दूरदूरच्या देशांचं संगीत निवडताना त्यांनी जाणत्या कानांचा सल्ला घेतला. भैरवी सुचवली रॉबर्ट ब्राउन यांनी. हे अमेरिकन अभ्यासक स्वतः मृदंगम शिकलेले, प्रबंधही त्यांनी त्याच वाद्यावर लिहिला. नाव मिळालं, पण ध्वनिमुद्रिका बाजारातून केव्हाच गेलेली. शेवटी समितीतल्या ॲन ड्रुयान यांना ती न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात मिळाली. केसरबाईंच्या आधीची चिनी रचना सुचवली चोउ वेन-चुंग यांनी, तेही संगीतकारच.

2017 साली ओझ्मा रेकॉर्ड्सने ही तबकडी सामान्य श्रोत्यांसाठी तीन रेकॉर्डांच्या संचात काढली, आणि आता ती फोनवरही ऐकता येते. मी ऐकायला घेतली ती अर्थात भैरवीसाठी. पण सवयीने गाणं थोडं आधीपासून लावलं आणि आधीची रचना कानावर आली. ग्वान पिंगहू यांचं 'वाहतं पाणी'. वाद्य कूचिन, सात तारांचं, आडवं ठेवून वाजवायचं. उजवा हात तार छेडतो आणि गप्प होतो. पुढचं सगळं डाव्या हाताचं काम. तो बोट तारेवरून घासत नेतो, स्वर विरत विरत वर चढतो, खाली येतो, आणि आवाज जवळजवळ संपला तरी बोटाचं घासणं ऐकू येत राहतं. साडेसात मिनिटं हे चालतं. मग केसरबाई. तो भरीव, उघडा आकार, साडेतीन मिनिटांत पुरी भैरवी. आणि त्या संपल्या की लगेच टेक्सासचा अंध गायक ब्लाइंड विली जॉन्सन, 1927 सालचं ध्वनिमुद्रण. शब्द नाहीतच. नुसतं हुंकारणं, कण्हणं, आणि गिटारच्या तारेवरून सरकत जाणारा स्वर. गळा पुढे जातो, गिटार मागून येते, मध्येच गिटार पुढे जाते आणि गळा तिच्या मागे. स्वतःच गवई, स्वतःच साथीदार.

पेटीवाली म्हणून सांगते, माझ्या वाद्याला जे येत नाही तेच या तिघांचं सर्वस्व आहे. मींड. पेटीत प्रत्येक पट्टीला आपला आपला सूर, एकातून दुसऱ्यात घसरत जायची सोय नाही. याच कारणावरून आकाशवाणीने 1940 ते 1971 पेटीला दार बंद ठेवलं होतं. आमच्या बोरीचे तुळशीदास बोरकर ऐकावेत तर पेटीसुद्धा मींड घेते असा भास होतो, पण तो त्यांच्या बोटांचा आणि भात्याचा चमत्कार. त्यामुळे हे तिघे ओळीने ऐकले तेव्हा मी पेटी उघडीच ठेवून नुसती ऐकत राहिले. चिनी तार, केरीचा गळा, टेक्सासची गिटार. माझ्या कानाला ती एकाच श्वासातली लांबलचक मींड वाटली. केसरबाई मी लहानपणापासून ऐकलेल्या, पण त्या बोलतान, म्हणजे गाण्याचे शब्द घेऊन केलेली तानसुद्धा, किती न तुटता घेतात हे मला विली जॉन्सनने ऐकवलं. आवडत्या गाण्याला चांगले शेजारी मिळाले की ते गाणंच नवं होतं, आणि शेजारीही आपले होतात. आता विली जॉन्सन माझ्या घरात केसरबाईंचे गुरू अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्यपरंपरेइतकाच आदराने ऐकला जातो.

दुसरं संकलन मडगावहून आलं. तिथे मी ज्यांच्या घरी माडीवर क्लास घ्यायची ते अंकल तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी केलेले, होते, बोटीवरच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवून निवृत्त झालेले. एकदा क्लास सुटल्यावर त्यांनी सीडी हातात ठेवली. "टीचर, हें आयक, मागीर सांग." ब्राझीलची गाणी, निवडणारा डेव्हिड बर्न. टॉकिंग हेड्स या बँडचा हा गायक, त्याने 1988 साली लुआका बॉप नावाची रेकॉर्ड कंपनी काढली आणि 1989 साली पहिलंच काय काढलं, तर दुसऱ्यांची गाणी. 'बेलेझा त्रोपिकाल'.

पहिल्याच गाण्यात जॉर्ज बेन एका आफ्रिकी फुटबॉलपटूचं नाव घेऊन त्याला गोल मारायला सांगतो, आणि मागची गिटार इतकी करकरीत चालते की चवथीला आरतीत घुमटावर, म्हणजे आमच्या मातीच्या तालवाद्यावर, थाप टाकणाऱ्या माझ्या भाच्याने ते गाणं ऐकता ऐकता मांडीवर ताल धरला. सांबा म्हणजे कार्निव्हालला पणजीत फ्लोटवरून लाउडस्पीकरवर वाजतो तो, एवढीच आमची ओळख होती. इथे जिलबेर्तो जिल होते, काएतानो वेलोझो होते, आणि मिल्तोन नासिमेंतो होता, ज्याचा वरच्या पट्टीतला आवाज ऐकताना मला अभिषेकीबुवांच्या रचना म्हणणाऱ्यांची आठवण का यावी ते अजून नेमकं सांगता येत नाही, पण येते.

त्या सीडीत 'कालिसे' नावाचं गाणं आहे, शिको बुआर्के आणि मिल्तोन यांनी म्हटलेलं. माझे बाबा मुक्तीपूर्वीच्या पोर्तुगीज शाळेत शिकलेले. पाश्चात्त्य संगीताशी त्यांचं काही देणंघेणं नाही, त्यांचं जग भजनाचं. ते पडवीत वर्तमानपत्र वाचत होते. गाणं सुरू झालं तसं वर्तमानपत्र खाली आलं. "पुन्हा लाव," म्हणाले. मग पुन्हा. शब्द त्यांना कळत होते. आरंभी प्रार्थना आणि मग हळूहळू घुसमट. शिको बुआर्के आणि जिलबेर्तो जिल यांनी ते 1973 साली रचलं, लष्करी राजवटीच्या सेन्सॉरने अडवलं, आणि दोघांनी एका जाहीर कार्यक्रमात म्हणायचा प्रयत्न केला तेव्हा त्यांचे माइकच बंद करण्यात आले. गाणं बाहेर यायला 1978 साल उजाडलं. मी हे सांगितलं तसे बाबा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळाबद्दल बोलू लागले. लग्नपत्रिकासुद्धा आधी सरकारला दाखवून मग छापायची, हे मी पुस्तकात वाचलं होतं. बाबांच्या तोंडून मात्र ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याला निमित्त झालं न्यूयॉर्कच्या एका रॉक गायकाने निवडलेलं ब्राझीलचं गाणं. अशी गाठ कुठलं यंत्र कशी घालणार?

बर्नने पुढे केलेलं काम मला याहून मोठं वाटतं. रिओमध्ये रेकॉर्डी चाळताना त्याला टॉम झे नावाच्या माणसाची 1976 सालची एक तबकडी दिसली. मुखपृष्ठावर दोरखंड आणि काटेरी तार, नावात सांबा हा शब्द. सांबाच असेल म्हणून त्याने घेतली. आत निघालं ते काहीतरी विलक्षण, सांबा सुटा करून नव्याने जोडलेला. हा टॉम झे फरशीला पॉलिश करायच्या यंत्रांपासूनही वाद्यं बनवणारा. तोवर त्याच्याच देशात तो विस्मृतीत गेलेला होता, आणि बाहियातल्या आपल्या गावी परतून पुतण्याच्या पेट्रोल पंपावर काम करायचं त्याच्या मनात होतं. 1990 साली बर्नने त्याच्या गाण्यांचं संकलन काढलं आणि त्या माणसाचं संगीत पुन्हा उभं राहिलं. आपल्याकडे गावोगाव असे किती कलावंत पेट्रोल पंपाच्या वाटेला लागले असतील. त्यांची रेकॉर्ड कुणाच्या तरी कानावर पडायला हवी होती, आणि तो कान वाजवणाऱ्याचा असायला हवा होता. पुढे 1995 साली त्याच कंपनीने पेरूच्या कृष्णवर्णीयांच्या संगीताचं संकलन काढलं, त्यातून सुझाना बाका जगाला कळली. ती 2011 साली पेरूची संस्कृतिमंत्री झाली.

भाचा अलीकडची संकलनं आणतो. 'लेट नाइट टेल्स' नावाची एक मालिका 2001 पासून चालू आहे, दर वेळी एखादा कलावंत आपल्या आवडीची गाणी लावतो. 2020 साली ह्यूस्टनच्या क्रुआंगबिन या तिघांच्या बँडने केलं, त्यात चक्क नाझिया हसनचं 'खुशी' आहे. आम्ही तिला 'आप जैसा कोई'पुरतीच ओळखत आलो. बास गिटारवर भर देणाऱ्या मंडळींनी निवडलं म्हणून मी ते गाणं पहिल्यांदा खालून, बासपासून ऐकलं. सगळंच संकलन आवडलं असं नाही. काही गाणी नुसती धुक्यासारखी येतात आणि जातात.

सध्या मी ओळखीच्या वाजवणाऱ्यांकडून याद्या मागते आहे. अट एकच, आपल्या वाद्याचं काही द्यायचं नाही. सारंगीवाल्याने सारंगी द्यायची नाही, तबलजीने तबला नाही. आणि ऐकताना क्रम मोडायचा नाही, दिला तसाच ऐकायचा. केसरबाईंच्या बाबतीतही माझी वाचकांना तीच विनंती आहे. भैरवी एकटी लावू नका, पिंगहूंपासून लावा आणि विली जॉन्सन संपेपर्यंत उठू नका. सगळी मिळून पंधरा मिनिटंसुद्धा होत नाहीत.

काल आमच्या गावातल्या घुमटवाल्याची यादी आली. हा माणूस घुमटाबाहेर काही ऐकत असेल असं कुणालाच वाटत नाही. चिठ्ठीवर पहिलंच नाव टी. एन. राजरत्नम पिळ्ळै, नादस्वरम (दक्षिणेतलं सनईसारखं वाद्य), राग तोडी. ही कर्नाटकी तोडी, आपल्या तोडीहून वेगळी, स्वरांनी आपल्या भैरवीच्या जवळची. घुमटवाल्याने ती कुठे ऐकली, कशी ऐकली, ते आज क्लास सुटल्यावर त्याच्याच घरी जाऊन विचारणार आहे. पेटी बरोबर नेत नाही.