फर्गीच्या कार्बमधला बर्फ: गरम हवेचं काम कुठवर आलं

माझ्या फर्गीचा (जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर, मॉडेल टीई-२०) कार्बमध्ये, म्हणजे कार्बोरेटरमध्ये, बर्फ होऊन थंडीत बंद पडायचा प्रॉब्लेम आता जवळपास सुटलाय. लक्षण एकदम ठरलेलं होतं, इंजिन झटकन सुरू होणार, थोडा वेळ मस्त चालणार, मग दम टाकायला लागणार, थ्रॉटल वाढवला तरी उचलत नाही आणि शेवटी बंद. जरा थांबलं की इंजिनच्या गरमीने बर्फ वितळतो आणि परत पहिल्यासारखं सुरू. इथे लोक लगेच जेट साफ करतात, कॉइल बदलतात. त्याआधी बंद पडल्या पडल्या कार्ब बघा. माझ्या टीई-२० ला मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळीच्या) फ्लँजखाली, थ्रॉटलच्या शाफ्टपाशी पांढरा खरबरीत थर होता, नखाने खरवडला की बोटावर पाणी. बाहेर थर दिसला म्हणजे आत बर्फ असतोच असं नाही, पण वर सांगितलेलं लक्षण सोबत असेल तर मी तरी आधी बर्फच धरतो.

पेट्रोलची वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं, त्यात व्हेंचुरीत (कार्बच्या आतल्या अरुंद भागात) प्रेशर पडतं, दोन्ही मिळून आतली हवा २० डिग्रीने किंवा जास्तच गार होऊ शकते आणि हवेतला ओलावा तिथे गोठतो. म्हणून बाहेर ५ डिग्री आणि धुकं असलेला दिवस सगळ्यात वाईट. उणे १५ च्या कोरड्या थंडीत त्रास उलट कमी, कारण हवेत ओलावाच नसतो. अर्धवट बंद थ्रॉटलवर जास्त होतं कारण प्लेटच्या कडेची फट बारीक असते, थोडा बर्फही पुरतो.

आता काय काय केलं ते. थर्मोस्टॅट नीट काम करतोय ना ते तपासलं, रेडिएटरचा खालचा भाग पुठ्ठ्याने झाकला. याने फरक पडला पण पुरेसा नाही. खरं काम केलं ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या गरम नळीवर) बसवलेल्या पातळ पत्र्याच्या खोळीने, तिच्यातली गरम हवा लवचिक अॅल्युमिनियम पाइपने एअर क्लीनरच्या तोंडाशी आणली. क्लीनरच्या आधीच जोडायची, म्हणजे धूळ गाळूनच आत जाते. पाइप पेट्रोलच्या नळीपासून लांब ठेवा आणि एक्झॉस्टचा जॉइंट लीक नाही ना ते आधी बघा, यात हयगय नको. आता धुक्यातही एकसारखं चालतंय, आवाज ऐकूनच बरं वाटतं!

केरोसीनसारख्या इंधनावर चालणाऱ्या टीईडी-२० मॉडेलला मॅनिफोल्ड मुद्दामच जास्त गरम ठेवायचे, तिथूनच ही दिशा सुचली.

पेट्रोलमध्ये आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकणं टाकीतल्या पाण्यासाठी ठीक आहे, पण इथे ओलावा हवेतून येतोय त्यामुळे मी हवेवरच भर दिला.

आता राहिलाय गरम-थंड हवा बदलायचा फ्लॅप. गरम हवा विरळ असते, पॉवर कमी होते आणि मिक्स्चर रिच होतं (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), त्यामुळे दुपारी ऊन पडलं की थंड हवेवर जाता आलं पाहिजे. सध्या पाइप हाताने काढतोय. ऑइल बाथच्या (एअर क्लीनरमधल्या, तेलाने धूळ पकडणाऱ्या) वाटीत पाणी साचून गोठतं तेही बघायचंय, तिथे थंडीसाठी पातळ तेल भरणार आहे.