सी३, सी४ आणि सीएच५० : बल्बपासून रिपोर्टपर्यंत माझा अनुभव

कॉम्प्लिमेंट म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या, रक्तातल्या प्रथिनांची साखळी. सी३ आणि सी४ ही त्यातली दोन प्रथिनं, तर सीएच५० ही पूर्ण साखळी चालते का ते बघणारी टेस्ट. किडनीच्या पेशंटचं कॉम्प्लिमेंटचं सॅम्पल आलं की मी आधी बल्ब (रक्ताची नळी) बघते, फॉर्म नंतर. सी३-सी४ला प्लेन बल्बमधलं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, लागतं. सीएच५०लाही सीरमच, ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) अजिबात नाही. ईडीटीए कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतं, मग एका प्रथिनाने पुढच्याला जागं करायची साखळी चालतच नाही. उलट एससी५बी-९ (ही साखळी शेवटपर्यंत चालली की तयार होणारा प्रथिनांचा गट) मोजायचं असेल तर ईडीटीएच हवं, नाहीतर ते बल्बमध्येच तयार होत राहतं.

सीएच५०मध्ये अँटिबॉडी लावलेल्या मेंढीच्या लाल पेशी पेशंटच्या सीरममध्ये टाकतात आणि निम्म्या फुटायला किती सीरम लागलं ते बघतात. त्यामुळे सीरम ताजं हवं. रक्त गोठलं की लगेच सेंट्रिफ्यूज करायचं, सीरम वेगळं काढायचं आणि त्याच दिवशी टेस्ट होणार नसेल तर उणे ७० अंशांवर ठेवायचं. बाहेर पाठवायचं तर ड्राय आइसमध्ये, साध्या आइसपॅकवर नाही. ५६ अंशांवर अर्ध्या तासात कॉम्प्लिमेंट निकामी होतं. मे महिन्यातल्या कुरिअरच्या गाडीत तेवढं तापत नसलं तरी नुकसान व्हायचं ते होतंच. सी३, सी४ नॉर्मल आणि सीएच५० अगदी तळाला, असं दिसलं की मी पेशंटआधी डब्यावर संशय घेते आणि नवीन सॅम्पल मागते.

आकडे बहुतेक किटांवर सी३ ९० ते १८०, सी४ १० ते ४० मिग्रॅ/डेसिलीटर. घसा किंवा त्वचेच्या इन्फेक्शननंतर लघवी कोलासारखी झालेल्या मुलात सी३ खाली जातं, सी४ बहुधा जागेवर असतं. दोन्ही खाली असतील तर ल्युपसचा (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) विचार आधी. आयजीए नेफ्रोपथीत (किडनीत आयजीए अँटिबॉडी साचतात तो आजार) मात्र रक्तातले आकडे सहसा नॉर्मल, सी३ साचलेलं दिसतं ते बायोप्सीत. (तो तुकडा इम्युनोफ्लुरोसन्ससाठी, म्हणजे चमकणाऱ्या अँटिबॉडी लावून साचलेली प्रथिनं बघायला, मिशेल्स मीडियम नावाच्या द्रवात हवा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवून पाठवणारे अजून भेटतात.) इन्फेक्शननंतरचं सी३ साधारण ६ ते ८ आठवड्यांत वर येतं. १२ आठवड्यांनंतरही खालीच असेल तर सी३ ग्लोमेरुलोपथी (कॉम्प्लिमेंट बिघडून किडनीच्या गाळण्यांत सी३ साचतं तो आजार) शोधावी लागते, म्हणून रिपीटची तारीख मी रिपोर्टवरच लिहायला सांगते.

अटिपिकल एचयूएसची (कॉम्प्लिमेंट बिघडून बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि किडनी बिघडते तो आजार) शंका असेल तर नॉर्मल सी३वर विसंबू नये. अँटी-फॅक्टर एच अँटिबॉडी (कॉम्प्लिमेंटला आवरणाऱ्या फॅक्टर एचविरुद्धची) आणि एडीएएमटीएस१३ (तशाच दिसणाऱ्या टीटीपी या आजारात खूप कमी होणारं एन्झाइम) यांचं रक्त प्लाझ्मा एक्सचेंजच्या, म्हणजे पेशंटच्या रक्तातला द्रव भाग बदलण्याच्या, आधीच काढायचं. नंतर डोनरचा प्लाझ्मा त्यात मिसळलेला असतो. रात्री कोणाला विचारता आलं नाही तरी एक प्लेन, एक ईडीटीए आणि एक सायट्रेट बल्ब काढून, वेळ लिहून लॅबमध्ये द्या. टेस्ट कोणती ते सकाळी ठरवता येतं.