क्लायंटचा लॅपटॉप घेऊ का?

"ताई, क्लायंट लॅपटॉप आणि फोन पाठवतो म्हणतोय. घेऊ का?"

फ्रीलान्स काम करणाऱ्या कुणाकडून या महिन्यात हे तिसऱ्यांदा ऐकलं. दर वेळी मी "जपून घे" एवढंच म्हणते आणि विषय बदलते. मग पलीकडून हमखास येतं, "पण तुम्ही तर घेता ना?" हो, घेते. तरीही तुम्हाला "घ्या" म्हणताना जीभ अडखळते. ते का, हे फोनवर मला कधीच नीट सांगता आलेलं नाही, म्हणून इथे सांगते.

२०१४ साली नोकरी सोडून मी यंत्रांची मॅन्युअलं लिहायला लागले, तेव्हा हा प्रश्न मला प्रश्नच वाटला नसता. मशीन त्यांचं, सॉफ्टवेअरची लायसन्सं त्यांची, बिघडलं तर त्यांचे आयटीवाले बघतील. नाही कशाला म्हणायचं? त्या वेळच्या मला आज मी मूर्ख म्हणणार नाही, कारण तिचे मुद्दे मला अजूनही खोडता येत नाहीत. तीन महिन्यांच्या कामासाठी ड्रॉइंगचं महागडं सॉफ्टवेअर स्वतःच्या पैशाने घेणं परवडत नाही. आणि क्लायंटने तरी आपली ड्रॉइंगं माझ्या घरच्या मशीनवर, जिथे मुलगा गेम खेळतो तिथे, का ठेवू द्यावीत?

कराचं विचारता, तेही उरकून टाकते. १ जुलै २०२२ पासून प्राप्तिकर कायद्याचं १९४आर कलम लागू झालं: धंद्यात मिळालेला वस्तुरूप लाभ वर्षाला २० हजारांच्या वर गेला तर त्यावर १० टक्के टीडीएस, म्हणजे देणाऱ्याने आधीच कापायचा कर. तेव्हा सगळे घाबरले होते. पण त्याआधीच जूनमध्ये निघालेल्या परिपत्रकात, सोशल मीडियावर प्रचार करणाऱ्यांच्या संदर्भात, म्हटलं होतं की कामासाठी वापरून वस्तू परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर आहे. माझे सीए म्हणतात, परत केल्याची पावती जपा. मी जपते. माझी अडचण कराची कधीच नव्हती.

अडचण झाली २०१९ च्या ऑगस्टमध्ये.

तेव्हा माझ्याकडे दोन कामं होती. एक कंपनी पंपांची कंट्रोल पॅनल बनवणारी. लॅपटॉप आणि फोन त्यांनीच दिले होते. दुसरं काम भोसरीतल्या एका छोट्या पंपाच्या कारखान्याचं, ते माझ्या स्वतःच्या मशीनवर. कारखान्याचे मालक साठीच्या पुढचे, मी नवीन असताना ज्यांनी मला पहिलं मोठं काम दिलं ते. दोन कामं, दोन मशीनं, मध्ये भिंत. मी ती पाच वर्षं पाळली होती.

त्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपवर चहा सांडला आणि तो टिळक रोडवर दुरुस्तीला गेला. भोसरीच्या टेंडरसाठी मॅन्युअल शुक्रवारी संध्याकाळपर्यंत हवं होतं. गुरुवारी रात्री अकरा वाजता त्यांची सुट्या भागांची यादी मेलवर आली. एक्सेल फाइल, शेवटच्या रकान्यात प्रत्येक पुरवठादाराचा दर. तो रकाना काढून टाकून यादी मॅन्युअलमध्ये घेणं हे माझं नेहमीचं काम. मी क्लायंटच्या लॅपटॉपवर माझा मेल उघडला आणि फाइल डेस्कटॉपवर उतरवली. तासा-दोन तासांचा प्रश्न, मग पुसून टाकू.

फाइलच्या चिन्हाच्या कोपऱ्यात दोन निळे गोल बाण फिरले. मग ते थांबले आणि तिथे बरोबरची हिरवी खूण आली. हे मी पाहिलं. नुसतं डोळ्यांसमोरून गेलं असं नाही, नीट पाहिलं, आणि "हे काय आहे" हे स्वतःला विचारलं नाही. त्या मशीनचा डेस्कटॉप आपोआप कंपनीच्या क्लाउडमध्ये जात होता. रात्री दोन वाजता काम संपल्यावर मी फाइल पुसली, रिसायकल बिनही रिकामा केला आणि झोपले. क्लाउडवर वेगळी कचरापेटी असते, हे तेव्हा माझ्या गावीही नव्हतं.

सोमवारी कंपनीच्या आयटीतून फोन आला. "मॅडम, तुमच्या मशीनवर बाहेरच्या फर्मची फाइल सापडली आहे. चौकशी होईपर्यंत ॲक्सेस बंद करतोय." फोन ठेवेपर्यंत लॅपटॉप रीस्टार्ट झाला होता आणि निळ्या पडद्यावर कुलूप उघडायची ४८ आकडी रिकव्हरी की मागत होता. त्यांनी दिलेला मोबाइल हातातल्या हातात कोरा झाला आणि भाषा निवडायला सांगू लागला.

जुलै आणि ऑगस्टच्या माझ्या तासांच्या मंजुऱ्या त्यांच्याच मेलबॉक्समध्ये होत्या, तो मेलबॉक्स त्यांच्याच लॅपटॉपमध्ये. माझ्याकडे कागदाचा कपटाही नव्हता. ते बिल सहा महिन्यांनी निम्म्यावर तुटलं. हा भाग मी सगळ्यांना सांगते, कारण तो सांगायला सोपा आहे. त्यात अन्याय माझ्यावर झालेला आहे.

भोसरीचा भाग मी सांगत नाही.

मंगळवारी तिथे गेले. मेलवर लिहिता आलं असतं, पण लिहवेना. शेडमध्ये लेथ चालू होता, काकांनी चहा मागवला आणि मॅन्युअल छान झालंय म्हणाले. मग मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दर होते का त्यात?"

"होते."

"ते लोक आमच्या पॅनलवाल्याच्या स्पर्धेतले. तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मशीन बंद पडलं होतं तर मला फोन करायचा. इथे कॉम्प्युटर आहे. रात्री गाडी पाठवली असती."

त्यांच्या ऑफिसात जाऊन बसावं, हे मला त्या रात्री सुचलंच नव्हतं. समोर उघडा, चालू, चार्ज केलेला लॅपटॉप होता, म्हणून दुसरं काही सुचायची गरजच पडली नाही. ती फाइल तिकडे कोणी उघडून पाहिली का, हे मला आजतागायत कळलेलं नाही. कंपनीने लेखी दिलं की ती नष्ट केली. काकांना तो कागद दाखवला. त्यांनी वाचला आणि परत दिला.

आता तुम्ही म्हणाल, डेस्कटॉप क्लाउडवर जातो हे कंपनीने सांगायला हवं होतं. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. करारात "उपकरणावरील सर्व डेटा कंपनीच्या देखरेखीखाली राहील" अशी ओळ होती. मी तिच्याखाली सही केली होती, पण त्याचा रोजच्या कामातला अर्थ कोणी समजावला नव्हता. हे खरं आहे. पण समजावला असता तर त्या रात्री मी वेगळं वागले असते का? रात्री अकराला, टेंडर डोक्यावर असताना? मला खात्री देता येत नाही.

त्यानंतर दोन वर्षं मी कुणाचंच मशीन घेतलं नाही. त्यापायी दोन चांगली कामं गेली. तेव्हा मी विचारणाऱ्यांना ठणकावून "अजिबात घेऊ नका" सांगायची, आणि त्यात माझी जखम किती आणि तुमचं हित किती, हे तपासत नव्हते. ज्यांनी माझं ऐकून काम नाकारलं त्यांची मी मनापासून माफी मागते.

याच काळात एका वकील मैत्रिणीने मला सिकंदराबादच्या शिंप्यांचा खटला सांगितला. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउस, सर्वोच्च न्यायालय, १९७३. शिंपी नगावर पैसे घ्यायचे, पूर्ण दिवस थांबायचं बंधन नव्हतं, दुकानदार म्हणत होता हे माझे नोकर नाहीत. न्यायालयाने इतर गोष्टींबरोबर हेही धरलं की शिलाई मशीन दुकानाचं आहे, आणि शिंपी कामगार ठरले. अमेरिकेत करखात्याने १९८७ मध्ये नोकर आणि कंत्राटदार ओळखायचे २० मुद्दे मांडले, त्यातही अवजारं कोण पुरवतं हा एक होता. काही परदेशी क्लायंट मशीन द्यायला बिचकतात, त्यामागे कंत्राटदार नोकर ठरेल हीच भीती असते.

हे ऐकल्यापासून मला एक गोष्ट खुपते. मशीन दुकानाचं म्हणून त्या शिंप्यांना कायद्याचं संरक्षण तरी मिळालं. आपल्यापैकी कितीजणांकडे मशीन क्लायंटचं, देखरेख त्यांची, सकाळी नऊला चॅटवर हजर असल्याचा हिरवा ठिपका दिसायला हवा हा आग्रह त्यांचा. आणि पीएफ नाही, रजा नाही, नोटीस नाही. याला स्वतंत्र व्यवसाय म्हणायचं का? मी दहा वर्षं म्हणत आले. आता म्हणताना थांबते.

आणि तरी मी मशीन घेते. २०२१ पासून परत घेऊ लागले, कारण घर चालवायचं आहे. आलेल्या दिवशी सीरियल नंबरचा आणि चारी कोपऱ्यांचा फोटो काढते. तासांची मंजुरी माझ्या स्वतःच्या मेलवर येईल, हे काम सुरू व्हायच्या आधी लिहून घेते. त्यांच्या फोनवर बँक नाही, घरचं व्हॉट्सॲप नाही. स्वतःचं एक जादा मशीन, सेकंडहँड, २२ हजारांचं, कपाटात कायम चार्ज करून ठेवलेलं असतं. चहाच्या दिवसासाठी.

पण परवा ज्या मुलीने विचारलं, तिच्याकडे स्वतःचं एकही मशीन नाही. क्लायंटचा लॅपटॉप हाच तिचा पहिला. तिला मी "आधी स्वतःचं घे" म्हणाले आणि म्हणता म्हणताच मला ते पोकळ वाटलं. कशातून घेणार ती? या कामाच्या पैशातूनच ना? तिला नंतर फोन करते म्हणाले. अजून केलेला नाही.

भोसरीचं काम मी आजही करते. काकांनी ते काढून घेतलं नाही. सुट्या भागांची यादी अजून त्यांच्याकडूनच मेलवर येते. दराचा रकाना ते स्वतः काढून पाठवतात.