आत्या विरुद्ध भाचा, तेही ब्राझीलमध्ये

आमच्या नाशकात मनपाची तिकिटं वाटायची वेळ आली की एकेका घरात भाऊबंदकी उफाळून येते, पण परवा कॉलेज रोडला मिसळ खाताना मित्राला ब्राझीलचा नेता एदुआर्दो कॅम्पोसची स्टोरी सांगितली तर त्याचा पाव हातातच राहिला.

आजोबा मिगेल अराएस, पर्नाम्बुको राज्याचे गव्हर्नर. 1964 ला लष्कराने सत्ता घेतली आणि त्यांना पदावरून काढून आधी जेलमध्ये टाकलं, मग ते देश सोडून अल्जेरियात, 1979 ला परत आले आणि पुन्हा दोनदा गव्हर्नर झाले, काय चिकाटी म्हणायची! नातू एदुआर्दो त्यांच्याच हाताखाली तयार झाला, राष्ट्राध्यक्ष लुलाच्या सरकारात सायन्स-टेक्नॉलॉजी मंत्री, 2007 पासून स्वतः गव्हर्नर. माझ्या मते नुसता वारसावाला नव्हता, संघटन जमायचं त्याला. 2014 ला राष्ट्राध्यक्षपदाच्या प्रचारात असताना सांतोस शहरात विमान कोसळलं आणि गेला, वय 49. तारीख 13 ऑगस्ट. आजोबाही 2005 ला 13 ऑगस्टलाच गेलेले.

खरी गंमत पुढे. 2020 ला पर्नाम्बुकोची राजधानी रेसिफेच्या महापौरपदासाठी एदुआर्दोचा 27 वर्षांचा मुलगा जोआंव उभा, आणि समोर एदुआर्दोची मामेबहीण मारिलिया अराएस, म्हणजे आपल्या हिशोबाने सख्खी नाही पण आत्याच की! भाच्याने आत्याला पाडलं, 2024 ला तर पहिल्याच फेरीत परत निवडून आला.

मित्र म्हणे, रक्षाबंधनाला काय करत असतील रे हे लोक?